'आम्ही लोक' म्हणजे कोण? अमेरिकेची घटना आणि आपलं वऱ्हाड

(शेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अमेरिकेच्या राज्यघटनेचा आणि आपल्या या भागाचा पहिला संबंध आला तो कापसातून. 1861 मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग इंग्रजांना वऱ्हाडाची आठवण झाली. कापसाला कधी नव्हे तो भाव आला, खामगावचा बाजार फुगला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पण फाटा निघाला तेव्हा युद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि भाव केव्हाच कोसळले होते. तेजीत ज्यानं कर्ज काढलं त्याचं काय झालं असेल, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

हे युद्ध का झालं? गुलामगिरीवरून. आणि गुलामगिरीचा प्रश्न इतका चिघळला कशानं? तर 1787 साली घटना लिहिताना त्या लोकांनी तो मिटवला नाही, झाकून ठेवला. म्हणजे फिलाडेल्फियात एका बंद खोलीत झालेली तडजोड पाऊणशे वर्षांनी आमच्या काळ्या मातीतल्या वखरापर्यंत येऊन पोचली. म्हणून मी म्हणतो, हा विषय तसा परका नाही.

पण आज मला कापसावर बोलायचं नाही. मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. राज्यघटना कोण कोणाला देतं? आपण बोलताना सहज म्हणतो, "घटनेनं आपल्याला हक्क दिले." कोणी म्हणतं, "सरकारनं दिले." यातला 'दिले' हा शब्द मला नेहमी खटकतो. जो देतो तो परतही घेऊ शकतो ना? अमेरिकेतल्या वसाहतींना हा धडा अगदी कडू औषधासारखा मिळाला.

त्या वसाहती चालायच्या राजाच्या सनदांवर. सनद म्हणजे काय, ते आपल्याकडे जुन्या घराण्यांना चांगलं माहीत आहे. वतनाची सनद, इनामाची सनद. वर राजाचा शिक्का, खाली आपण. मॅसॅच्युसेट्सला 1691 ची सनद होती. तिच्याखाली त्यांची विधानसभा भरायची, गावोगाव सभा व्हायच्या, गावचे रस्ते, शाळा, कर, सगळं गावसभेत ठरायचं. ऐंशीएक वर्षांत त्यांना वाटू लागलं की हे आपलंच आहे. बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या गेल्या आणि 1774 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा करून ती सनदच बदलून टाकली. गावसभा वर्षातून एकदाच भरवायची, जास्त भरवायची असेल तर गव्हर्नरची परवानगी काढायची. झालं! जे मिळालं होतं ते गेलं.

यातून त्या लोकांनी काय शिकावं? "आता चांगला राजा शोधू" असं ते म्हणू शकले असते. जगात बहुतेक ठिकाणी लोक तेच म्हणत आले आहेत. त्यांनी उलटा विचार केला. सत्तेनं स्वातंत्र्याला सनद द्यायची ही रीत उलटी करू, आता लोकच सत्तेला सनद देतील, असं त्यांनी ठरवलं. जेम्स मॅडिसन यांनी पुढे हा फरक फार नेमका मांडला. पण तो मॅडिसनच्याही आधी, शेतकऱ्यांच्या गावांनी मांडला होता, आणि मला ती गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या चकमकी 1775 मध्ये तिथेच झडल्या. त्या गावाच्या सभेनं ऑक्टोबर 1776 मध्ये एक ठराव केला. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेनं गावांना विचारलं होतं की आम्हीच नवी घटना तयार करू का? कॉन्कॉर्डनं कळवलं, नाही. कारण काय दिलं पाहा. घटना असते ती सत्ताधाऱ्यांपासून लोकांना वाचवण्यासाठी. जी विधानसभा घटना करील तीच उद्या ती बदलूही शकेल, मग वाचवणार कोण? म्हणून घटना करायला वेगळी सभा बोलवा, फक्त त्या एका कामासाठी. ती काम करील आणि घरी जाईल.

आज आपण 'संविधान सभा' हा शब्द सहज वापरतो. त्यामागचा विचार इतक्या स्वच्छपणे एका खेड्याच्या ठरावात येतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. लॉक शिकवला, रूसो शिकवला. लॉक म्हणतो, शासन संमतीवर उभं असतं. ह्यूमनं त्याला फार खवचट प्रश्न विचारला. एखाद्याला झोपेत उचलून जहाजावर नेलं, जाग आली तेव्हा चहूकडे समुद्र. आता तो जहाजावरून उडी मारत नाही म्हणून त्यानं कप्तानाला संमती दिली असं म्हणायचं का? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर सापडत नाही. कॉन्कॉर्डसारख्या गावांनी मात्र एक व्यवहारातलं उत्तर काढलं. विचारा ना मग! प्रत्येक गावाला विचारा.

आणि विचारलं. विधानसभेनं ऐकलं नाही, आपणच एक घटना करून 1778 मध्ये गावांपुढे ठेवली. गावांनी ती मोठ्या बहुमतानं फेटाळली. पश्चिमेकडच्या बर्कशायर भागातले शेतकरी तर असे हट्टी, की जोवर लोकांनी मान्य केलेली घटना होत नाही तोवर कोर्टांना अधिकार कुठून आला, असं म्हणून त्यांनी आपल्याकडच्या कोर्टांचं काम कित्येक वर्षं चालू दिलं नाही. शेवटी 1779 मध्ये वेगळी सभा निवडली गेली. या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून टाकली होती, एकवीस वर्षांवरच्या स्वतंत्र पुरुषांना मत होतं. मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्सनं लिहिला. तो छापून गावोगाव पाठवला. गावांनी तो कलम-कलम वाचून आक्षेप लिहून पाठवले. 1780 मध्ये ही घटना लागू झाली आणि दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे.

'स्वतंत्र पुरुष' असं मी म्हणालो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. बायका नाहीत, गुलाम नाहीत. तिथले मूळ रहिवासी तर हिशेबातच नाहीत. मग 'लोक' म्हणजे कोण?

त्याच बर्कशायरमध्ये एका घरात बेट नावाची गुलाम स्त्री होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. नव्या घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलं होतं की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. हे शब्द तिच्या कानावर पडले. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या मनात ती नव्हती. पण ती थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली. या 'सर्व' मध्ये मी येते की नाही, असा तिचा प्रश्न होता. 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीनं तिच्या बाजूनं निकाल दिला. तिनं नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. पुढच्या एकदोन वर्षांत अशाच आणखी खटल्यांतून त्या राज्यातल्या गुलामगिरीचा कायदेशीर आधार संपला. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, लॉकवर परीक्षेत लिहाल तेव्हा एलिझाबेथ फ्रीमनवरही चार ओळी लिहा. लॉकसाहेबांचे स्वतःचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत होते, हेही लिहा.

आता फिलाडेल्फिया. हा भाग पाठ्यपुस्तकात असतो, म्हणून भराभर सांगतो. तेरा राज्यं स्वतंत्र झाली, पण त्यांचं एकत्र असं सरकार जवळजवळ नव्हतंच. 1781 पासून लागू झालेला एक करार होता, त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. करार बदलायचा तर तेराही राज्यांच्या विधानसभांची संमती लागे. त्यात 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जबाजारी शेतकरी उठले. युद्धात लढून आलेली ही माणसं. कर रोखीत मागितला जात होता, रोख कुणाकडे नव्हती, जमिनीच्या जप्त्या चालल्या होत्या. डॅनिएल शेज नावाच्या माजी सैनिक अधिकाऱ्याच्या पुढारीपणाखाली त्यांनी कोर्टं बंद पाडली. आपल्याकडे 1875 मध्ये सुप्याला आणि आसपास सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, ते आठवा. दोन्हीकडे आग एकच. पण परिणाम बघा. दख्खनच्या दंग्यांनंतर इथल्या सरकारनं 1879 मध्ये शेतकऱ्याला थोडाफार दिलासा देणारा कायदा केला. तिकडे शेजच्या बंडाची भीती घेऊन धनको मंडळी फिलाडेल्फियाला गेली, आणि राज्यांनी कागदी चलन काढू नये, कराराच्या बंधनांना बाध आणणारे कायदे करू नयेत, असं त्यांनी घटनेतच लिहून ठेवलं. म्हणजे तत्त्वं थोर होती हे खरंच, पण खोलीत ऋणको कमी आणि धनको जास्त होते, हेही खरं. कर्जानं गांजलेल्या जिल्ह्यात बसून आपण हे विसरून चालणार नाही.

मे ते सप्टेंबर 1787. पंचावन्न प्रतिनिधी आले, एकोणचाळीसांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडनं कुणाला पाठवलंच नाही. दारं-खिडक्या बंद, बाहेर एक शब्द सांगायचा नाही. मॅडिसननं ठेवलेली टिपणं छापली गेली ती थेट 1840 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्या संविधान सभेच्या चर्चा छापून निघत होत्या, मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. या एका बाबतीत आपण उजवे.

मंडळींना अधिकार होता जुना करार दुरुस्त करण्याचा. त्यांनी तो बाजूला सारून नवी घटनाच लिहिली. बरं, जुन्या नियमाप्रमाणे तेरा विधानसभांची संमती लागत होती. यांनी स्वतःच नियम केला, नऊ राज्यं पुरेत, आणि तीही विधानसभांमार्फत नाही, लोकांनी निवडलेल्या खास सभांमार्फत. जुन्या कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर हे सरळसरळ बेकायदा होतं. मग अधिकार आणला कुठून? तो आणला पहिल्या तीन शब्दांतून. 'आम्ही, लोक.'

या शब्दांचीही गंमत आहे. आधीच्या मसुद्यात 'आम्ही अमुक-अमुक राज्यांचे लोक' अशी तेराही राज्यांची यादी होती. शेवटच्या हातात गव्हर्नर मॉरिस यांनी यादी काढली आणि 'संयुक्त संस्थानांचे लोक' असं केलं. (गव्हर्नर हे त्यांचं नाव होतं बरं का, हुद्दा नव्हे.) एक साधं कारण असं की नऊच राज्यं पुरे म्हटल्यावर कोणती नऊ येतील ते माहीत नव्हतं, मग नावं कोणाची लिहिणार? पण व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्री खवळले. 'आम्ही राज्यं' म्हणायच्या ऐवजी 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांना दिला कोणी, असा त्यांचा सवाल होता. प्रश्न बिनतोड होता. व्हर्जिनियात घटना मंजूर झाली 89 विरुद्ध 79 मतांनी. न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27. ऱ्होड आयलंड 1790 मध्ये आलं ते 34 विरुद्ध 32 नं. लोक काही एका सुरात नव्हते. हक्कांची सनद 1791 मध्ये जोडली गेली तीसुद्धा या विरोधकांच्या रेट्यामुळेच.

आणि गुलाम? लोकसंख्या मोजताना एका गुलामाला तीन-पंचमांश धरायचं, म्हणजे मालकाच्या राज्याला जागा जास्त. गुलामांचा व्यापार 1808 पर्यंत केंद्रानं थांबवायचा नाही. पळालेला गुलाम परत द्यायचा. हे सगळं घटनेत आहे, पण 'गुलाम' हा शब्द मात्र कुठेही नाही. तो आला 1865 च्या तेराव्या दुरुस्तीत, गुलामगिरी रद्द करतानाच. लाज होती म्हणायची! त्यानंतर आठच वर्षांत, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. फुल्यांनी थॉमस पेन वाचला होता. घटना आधी आणि सरकार नंतर, हा पेनचा सिद्धांत. म्हणजे 'लोकांनी सत्तेला दिलेली सनद' हा विचार मराठीच्या उंबरठ्यावर येऊन दीडशे वर्षं झाली.

आता वऱ्हाडाकडे येऊ. 'आम्ही लोक' या शब्दांचं वजन कळायचं असेल, तर ज्या प्रदेशाला ते म्हणायची सोयच नव्हती तो पाहावा. असा प्रदेश म्हणजे आपलं वऱ्हाड.

वऱ्हाड निजामाचं. निजामाच्या राज्यात ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून 1853 च्या तहानं ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. 1902 मध्ये कर्झननं निजामाकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. 1903 पासून कारभारासाठी ते मध्यप्रांताला जोडलं. म्हणजे बघा, सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव निजामाचं, वहिती इंग्रजांची. शेतात राबणाऱ्याचं नाव इतर हक्कांच्या रकान्यातसुद्धा नाही.

याचे परिणाम मोठे चमत्कारिक होते. कायद्यानं वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हतं. मग इथला माणूस कायदेमंडळात कसा जायचा? वऱ्हाडातले मतदार मत द्यायचे, उमेदवार निवडून यायचा, आणि मग सरकार त्याला 'नियुक्त' करायचं! वणीचे लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत होते. जुनी कामकाजाची पुस्तकं काढून पाहा, त्यांच्या नावापुढे 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' असं लिहिलेलं असतं आणि गणना मात्र नियुक्त सभासदांत. लोकांनी निवडलं ते पुरेसं नाही, वरून शिक्का बसला तरच तो प्रतिनिधी. तीच ती सनद.

1923 मध्ये निजामानं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगकडे मागणी केली की वऱ्हाड परत द्या. आणि त्याबरोबर आश्वासन काय दिलं माहीत आहे? वऱ्हाडच्या लोकांना मी संविधान देईन, अंतर्गत कारभारात जबाबदार शासन देईन. मजकूर वाचला तर त्या काळाच्या मानानं उदारच म्हणावा लागेल. पण त्यातलं क्रियापद तेच, 'देईन'. रीडिंगनं 1926 च्या मार्चमध्ये उत्तर पाठवलं. संस्थानांच्या इतिहासात ते पत्र फार गाजलं. त्याचा सारांश असा की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सार्वभौम आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलायचा अधिकार कुठल्याही संस्थानिकाला नाही. दोन धनी भांडत होते, एक म्हणत होता मी देईन, दुसरा म्हणत होता तू कोण देणारा. अकोल्याच्या, बुलढाण्याच्या, यवतमाळच्या, अमरावतीच्या माणसापुढे मतपेटी ठेवून "बाबा रे, तुला काय वाटतं?" असं या दोघांपैकी कोणी विचारलं नाही. 1936 मध्ये नवा करार झाला, निजामाचं नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालं, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. इथल्या कास्तकाराला काय मिळालं, विचारू नका.

मग 1947 आलं. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यानं संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली आणि तिच्याबरोबर तिच्यावर आधारलेले करारही. कागदाचा विचार केला तर वऱ्हाडचं काय, हा प्रश्न उघडाच पडत होता, आणि निजामाचा दावा जिवंत होता. पण तोवर वऱ्हाडची माणसं दिल्लीत संविधान सभेत बसली होती. मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेल्यांत पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. ज्या प्रदेशाच्या प्रतिनिधींना कालपर्यंत निवडून येऊनही नियुक्त व्हावं लागत होतं, त्याची माणसं आता देशाची घटना लिहीत होती. निजामानं पुढे नोव्हेंबर 1949 मध्ये फर्मान काढून भारताची घटना हैदराबादसाठी स्वीकारली. सातबाऱ्यावरचं नाव असं कमी झालं. फेरफार झाला म्हणा!

पण पॅट्रिक हेन्रीचा प्रश्न आपल्याही सभेला लागू होताच. तुम्हाला 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार दिला कोणी? ही सभा काही प्रौढ मतदानानं निवडलेली नव्हती. 1946 मध्ये प्रांतांच्या विधानसभांनी ती निवडली, आणि त्या विधानसभांसाठी मत होतं मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच. 17 ऑक्टोबर 1949 ला उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा हा प्रश्न निघाला. पूर्णिमा बॅनर्जी यांची दुरुस्ती होती की सगळी सत्ता लोकांपासून येते असं स्पष्ट शब्दांत घाला. दुरुस्ती संमत झाली नाही, पण तिला उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी फिलाडेल्फियाचाच दाखला दिला. ती सभाही लहानच होती, पण तिनं जे केलं ते लोकांच्या नावानं आणि लोकांच्या अधिकारावर केलं. ब्रिटिश पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाचा लवलेशही या घटनेत राहू नये अशीच सगळ्या सभागृहाची इच्छा आहे, असं ते म्हणाले.

त्याच दिवशी आणखी एक मतदान झालं, आपल्या या संतनगरीत ते सांगायला हवं. आपल्याच प्रांतातून गेलेले ह. वि. कामत यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी. घरात रोज पोथी वाचणारे कित्येक सभासद विरोधात गेले. त्यांचं म्हणणं होतं, श्रद्धा ही मतदानानं ठरवायची गोष्ट नाही. 41 विरुद्ध 68 अशी दुरुस्ती पडली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात निर्मिकाचा उल्लेख आहे, त्यांच्या घटनेच्या उद्देशिकेत नाही. दोन्हीकडे सुरुवात माणसांपासूनच.

आता कायद्याच्या अभ्यासकांना आवडणारी एक खुबी सांगतो. आपली संविधान सभा स्वतंत्र भारतासाठी कायदे करत होती ती ब्रिटिश पार्लमेंटच्या 1947 च्या कायद्याच्या चौकटीत. आणि आपल्या घटनेचं शेवटचं कलम, 395 वं, काय म्हणतं? तो 1947 चा कायदाच रद्द. ज्या फांदीवर उभे होते तीच तोडली! शिवाय घटनेला गव्हर्नर जनरलची संमतीही घेतली नाही. सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी सही केली आणि झाली ती घटना. ही चूक होती असं मानू नका, ते समजून-उमजून केलेलं होतं. जुन्या धन्याच्या कागदातून नव्या घटनेचा अधिकार येऊ द्यायचा नव्हता. फिलाडेल्फियावाल्यांनी तेरा विधानसभांचा नियम मोडला, आपण 395 वं कलम लिहिलं. दोन्ही ठिकाणी कायद्याच्या साखळीत एक कडी मुद्दाम तोडलेली आहे आणि त्या फटीत 'लोक' हा शब्द बसवला आहे.

तो शब्द तिथे बसवला त्या दिवशी तो पुरता खरा होता का? नव्हता. माझं मत विचाराल तर 'आम्ही लोक' हे घडून गेलेल्या गोष्टीचं वर्णन नाही, ते एक वचन आहे, आणि वचन पाळायला वेळ लागतो. अमेरिकेला किती लागला? काळ्या पुरुषांच्या मताला 1870, स्त्रियांच्या मताला 1920, आणि दक्षिणेत काळ्या माणसाला खरोखर मतकेंद्रापर्यंत जाता यावं म्हणून 1965 चा कायदा. आपण एका फटक्यात सर्वांना मत दिलं आणि 1951-52 मध्ये पहिली निवडणूक घेतली. मतात आपण पुढे गेलो. पण लोक झालो का? 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या एका चर्चची गोष्ट सांगितली आहे. प्रार्थनेत 'आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे' असे शब्द घ्यायचे ठरले, पण 'राष्ट्र' हा शब्द फारच ठाम वाटतो म्हणून दुसऱ्या दिवशी तो काढला आणि 'या संयुक्त संस्थानांना' असं केलं. अमेरिकेला स्वतःला राष्ट्र म्हणवत नव्हतं, तर हजारो जातींत विभागलेल्या आपल्याला ते म्हणणं किती अवघड, हा बाबासाहेबांचा रोख. ते कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 अशी तीन वर्षं राहिलेले. अमेरिकेची घटना त्यांनी भक्तिभावानं वाचली नव्हती.

शेवटी आपल्या प्रांतातल्या एका विस्मृत माणसाबद्दल सांगून थांबतो. काझी सय्यद करीमुद्दीन हे मध्यप्रांत-वऱ्हाडातून मुस्लिम प्रतिनिधी म्हणून संविधान सभेत होते. डिसेंबर 1948 च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक दुरुस्ती मांडली. अमेरिकेच्या 1791 च्या हक्कांच्या सनदेतलं चौथं कलम त्यांनी जवळपास जसंच्या तसं आणलं होतं. माणसाचं अंग, घर, कागदपत्रं यांची मन मानेल तशी झडती घेता येणार नाही, सबळ कारण दाखवल्याशिवाय वॉरंट निघणार नाही. त्या कलमाच्या मागे बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा अनुभव होता, इंग्रज जकात अधिकारी सरसकट परवाने घेऊन कुणाच्याही वखारीत घुसायचे. इकडे 1942 च्या चळवळीत पोलीस घरात घुसलेले अनेकांनी पाहिले होते. डॉ. आंबेडकर दुरुस्तीला अनुकूल होते. हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण कायदेमंडळाला सहज हात लावता येऊ नये म्हणून घटनेत घालणं बरं, असं त्यांचं म्हणणं. कॉन्कॉर्ड गावाचा मुद्दा हाच नव्हता का? तरीही ती दुरुस्ती शेवटी नामंजूर झाली.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एका झडतीच्या खटल्यात म्हटलं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी घातलेली नाही, ती आम्ही ओढूनताणून कशी आणणार? हे उत्तर त्रेसष्ट वर्षं चाललं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालपत्रात करीमुद्दीन यांच्या नामंजूर दुरुस्तीची चर्चा आहे. ज्यांना मूळ वाचायचं असेल त्यांनी संविधान सभेच्या चर्चेचा सातवा खंड काढावा, 2 आणि 3 डिसेंबर 1948 चं कामकाज. इंटरनेटवर फुकट मिळतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे.